सोमवारचा डबा

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत राजशेखरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या बरोबर समोर मल्लेशचं नव्या लॅपटॉपांचं. राजशेखर म्हणायचा, डबा, म्हणजे कॉम्प्युटर, कधी मरत नाही, लोक त्याला मारतात. मल्लेश म्हणायचा, चार-पाच वर्षं झाली की डबा बदलावा आणि माणसानं पुढं चालावं. दोघं एका शाळेतले, एका वयाचे, आणि या एका मुद्द्यावरून त्यांचं भांडण दुकानं उघडल्यापासून चालू होतं. ते मिटावं असं कुणालाच वाटत नव्हतं. गल्लीतला चहावाला दोघांचा चहा एकदमच आणायचा आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडायचा, "आज कुणाच्या दुकानात?"

पुढं हे भांडण फोनवर गेलं. राजशेखरनं आपल्या गिऱ्हाइकांचा एक ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'सोमवारचा डबा'. सोमवारी सकाळी तो सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन यायचा, कपाळावरच्या भस्मासकट दुकान उघडायचा आणि फोन तोंडाशी धरून आठवड्याच्या बातम्या सांगायचा. कुठल्या कंपनीनं काय नवीन काढलं, कशाचे भाव चढले, कोणता फोन घ्यावा, कोणत्या फोनच्या वाटेला जाऊ नये, सगळं त्यात असायचं. बातमी थोडी, मत जास्ती आणि चेष्टा त्याहून जास्ती.

"मंडळी, आता फायली ढगात ठेवा म्हणून राहिले. ठेवा. पण आपल्याकडचा ढग कसा असतो ते तुम्हाला ठाऊक हाय. येतो, गडगडतो, अन् सोलापूरकडं निघून जातो. तुमची फाईल तिकडं जाऊन पडली तर मला विचारायचं न्हाई."

किंवा, "पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर आलाय. लई भारी हाय. पण ज्या गावानं आगगाडीनं आलेलं पाणी प्यालंय, त्या गावात तुम्ही डब्याला पाणी पाजलं तर शेजारी तुम्हाला सोडतील का?"

मग दुपारपर्यंत समोरच्या दुकानातून मल्लेशचं उत्तर यायचं. "शेखर, तुझं दुकान दुकान न्हाई, अजायबघर हाय. तिकीट लाव." लोक हसून हसून पुढं पाठवायचे. निलंगा, उदगीर, अगदी मुदखेडपर्यंत हा डबा जायचा.

राजशेखरच्या बायकोला, शिवगंगेला, यातलं काही कळायचं नाही आणि कळून घ्यायची तिला हौसही नव्हती. ती घरी ब्लाउज शिवायची. मशीनच्या आवाजात सोमवारचा डबा एका कानानं शिरायचा आणि दुसऱ्यानं निघून जायचा. "लोकांना दुसरे उद्योग न्हाईत का?" असं ती म्हणायची. राजशेखर म्हणायचा, "हायेत की. पण ते उद्योग करताना ऐकायला काहीतरी पाहिजे." तिला हसू यायचं नाही. नवऱ्याच्या बोलण्यावर सगळं लातूर हसतं आणि आपण हसत नाही, हे तिला कधी खटकलंही नव्हतं. घरोघरी असंच असतं, असं ती धरून चालली होती.

संक्रांत होऊन गेली होती. त्या सोमवारी बातमी कॉम्प्युटरात बसणाऱ्या रॅमच्या भावाची होती. जगभर भाव चढले होते आणि राजशेखरला असा विषय म्हणजे मेजवानी. सुरुवात झकास झाली. "मंडळी, आता जावयाला अंगठी घालू नका. रॅमची पट्टी घाला. सासऱ्याचं नाव राहील." मग तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तर ही पट्टी... पट्टीनं पट्टीला... पट्टी पट्टी..." आणि तिथंच आवाज संपला.

ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. "अण्णा, आज सकाळीच भांग का?" असं एकानं लिहिलं. समोरच्या दुकानात मल्लेश काच पुसत ऐकत होता. तो हसला नाही. त्यानं कपडा टाकला आणि रस्ता ओलांडून धावला. राजशेखर खुर्चीतून एका बाजूला कलला होता आणि फोन त्याच्या पायाशी पडला होता. मल्लेशनं त्याला उचललं, रिक्षात घातलं आणि वाटेत शिवगंगेला फोन केला.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा मल्लेश भिंतीला टेकून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "शेखर शिव्या देतो, खोटं बोलतो, काय वाट्टेल ते बोलतो. पण बोलताना अडकत न्हाई हो. मला तेव्हाच कळलं."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मेंदूतली रक्ताची गुठळी औषधानं विरघळली, जीव वाचला. उजवा पाय काही दिवसांत चालू लागला, हातही हळूहळू हलू लागला. वाचा मात्र गेली. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. हाव आणि न्हाई एवढे दोन उरले होते, तेही कधी उलटसुलट निघायचे. आणि एक तिसरा शब्द होता, तो मात्र जाता जात नव्हता. पाणी पाहिजे असलं तरी तो म्हणायचा, "पट्टी." खिडकी लावा म्हणायचं असलं तरी "पट्टी." त्यांची लेक दामिनी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती. ती धावत आली आणि पलंगाशी बसून "अप्पा" म्हणाली, तेव्हा त्यानं तिच्या गालावर डावा हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हटलं, "पट्टी." दामिनी हसली, मग बाहेर जाऊन रडली.

घरी आणल्यावर आरती नावाची एक तरुण बाई बोलण्याचे धडे द्यायला येऊ लागली. ती मनापासून शिकवायची. चित्रं आणायची. केळं, कप, गाय. "हे काय आहे, काका?" राजशेखर त्या गाईकडे बघायचा, मग आरतीकडे बघायचा, मग डोळे मिटून घ्यायचा. आरती शिवगंगेला म्हणाली, "शब्द आत आहेत, काकू. वाट सापडत नाही त्यांना. पण त्यांनी प्रयत्न तरी करायला पाहिजे. ते मनच घालत नाहीत." ज्या माणसानं जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची दर सोमवारी खोड काढली, त्याला केळं ओळखायला सांगितलं तर तो मन कसं घालणार, हे तिला दिसत होतं. पण दुसरं काय करावं हे काही सुचत नव्हतं.

ते सुचलं एका भलत्याच माणसामुळं. शिवगंगेचा धाकटा भाऊ संगमेश्वर निलंग्याला बी-बियाण्याचं दुकान चालवायचा. तो एसटीनं हुरड्याची पिशवी घेऊन भेटायला आला. माणूस मनानं चांगला, पण जिभेला लगाम नाही. पलंगासमोर बसला, दाजींच्या तोंडून दोनदा "पट्टी" ऐकलं आणि बोलून बसला, "काय दाजी, डोकं फॉरमॅट झालं का काय? बॅकअप घेतला नव्हता का?"

शिवगंगेच्या अंगाचा तिळपापड झाला. "संगू! तोंड हाय का गटार? दाजी आजारी हायेत अन् तू..."

"अक्का," संगमेश्वर म्हणाला, "अक्का, बग तरी."

राजशेखर हसत होता. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी आलं होतं. आजारी पडल्यापासून तो हसला नव्हता. भेटायला येणारे सगळे त्याच्यापुढं कुजबुजत बोलायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, देवाचं नाव घ्यायचे. या एकानं त्याच्याशी त्याच्या भाषेत चेष्टा केली होती.

दुसऱ्या दिवशी शिवगंगेनं मल्लेशला बोलावलं. "भाऊजी, तुम्ही त्यांच्याशी भांडा," ती म्हणाली.

मल्लेशनं होय म्हटलं आणि तो बसलाही समोर. पण त्याच्यानं होईना. राजशेखरच्या वाकड्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "शेखर, तू म्हणत होतास तेच खरं हाय. जुने डबेच चांगले." राजशेखरनं त्याच्याकडे असं बघितलं, जसा काही एखादा परका माणूस चुकून घरात शिरलाय, आणि तोंड भिंतीकडे केलं. बाहेर आल्यावर शिवगंगा मल्लेशला म्हणाली, "हे काय केलंत?"

"आजारी माणसाशी कसं भांडू, वहिनी?" मल्लेश म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. त्यानंतर तो रोज फोन करून विचारपूस करायचा, पण घरी यायचं टाळायचा.

मग शिवगंगा स्वतःच बसली. बातम्या कुठं मिळतात ते तिला दामिनीनं फोनवर शिकवलं होतं. मशीन बंद करून, चष्मा लावून, पलंगाशेजारी बसून ती शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली. "'ग्राहक कार्डाच्या किमती पुन्हा वाढण्याची शक्यता असून खेळ खेळणाऱ्या तरुणांमध्ये नाराजी...'"

"न्हाई," राजशेखर म्हणाला.

"काय न्हाई? असंच लिहिलंय. ग्राहक कार्ड."

"न्हाई! ग्रा... ग्रा..." त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं डावी मूठ आवळली. "ग्रा... फि..."

तिनं पुन्हा फोनकडे पाहिलं, चष्मा सारखा केला. "अगोबाई. ग्राफिक कार्ड."

"फिक!" राजशेखर म्हणाला आणि दमून उशीवर पडला. त्याच्या चेहऱ्यावर दुकानातला जुना तोरा होता. गिऱ्हाइकाला चूक दाखवताना असायचा तोच. शिवगंगेनं त्याच दिवशी आरतीला सांगितलं, दामिनीला सांगितलं, शेजारच्या नीलम्मालाही सांगितलं. ग्राफिक कार्ड म्हणजे काय हे विचारायचं मात्र तिला स्वतःलाही सुचलं नाही.

आता वाट सापडली असं तिला वाटलं आणि इथंच ती घसरली. तिला वाटलं, आपण चुकलो की हे बोलतात, तर मग चुकायचंच. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवून चुका केल्या. कीबोर्डला किल्लीबोर्ड म्हटलं, प्रिंटरला पिंजरा म्हटलं. दोनदा राजशेखरनं "न्हाई" म्हटलं. तिसऱ्यांदा तो काहीच बोलला नाही. त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, हळूच तिच्या हातातून फोन घेतला आणि पालथा करून बाजूला ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी आरतीच्या चित्रांकडेही त्यानं पाहिलं नाही.

"अव्वा," दामिनी फोनवर म्हणाली, "अप्पाला कळतं की गं सगळं. बोलता येत न्हाई, एवढंच. तू त्याला लहान पोर केलंस."

शिवगंगेला ते फार लागलं. ती मशीनवर जाऊन बसली, पण पाय चालेनात. समोर पलंगावर नवरा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडला होता. या माणसाशी आपण सगळं बोललो, ती मनात म्हणाली. लेकीच्या फीबद्दल, सासूच्या औषधाबद्दल, भाजीबद्दल, लग्नाकार्याबद्दल. पण याच्या जिवाला जे आवडतं त्याबद्दल एकदाही बोललो नाही. ती उठली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी नाटक केलं. आता नाटक करत न्हाई. खरंच विचारते. ही रॅम म्हणजे काय असतं हो? इतकी वर्षं ऐकून राहिले, मला अजून ठाऊक न्हाई."

राजशेखर बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. खरं विचारतेय की पुन्हा तेच, हे तो जोखत असावा. मग त्यानं पाय खाली सोडले, काठी घेतली आणि चालत तिच्या शिवणाच्या टेबलापाशी गेला. टेबलावर कात्री, खडू, टेप, अस्तराचे तुकडे, अर्धा शिवलेला एक ब्लाउज असा पसारा होता. त्यानं आधी कपाट दाखवलं, कापडांनी गच्च भरलेलं. बोटानं ठोकलं. "हा... हार्ड," तो म्हणाला आणि अडला.

"हार्डडिस्क?"

"हाव." मग त्यानं टेबलावर तळहात टेकवला. "रॅम."

शिवगंगेनं टेबलाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. त्यानं कपाटातून एक कापड ओढलं आणि टेबलावर टाकलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी कात्री ठेवायलाही जागा उरली नाही. तो हात पसरून उभा राहिला, आता शीव बघू, अशा थाटात.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "कपाट केवढंबी असू द्या. टेबल लहान असलं की काम अडतं."

"हाव! हाव!"

"अन् हे टेबलं बाजारात मिळेनात, म्हणून भाव चढले?"

"हाव."

"कामून मिळेनात? कोण घेऊन राहिलंय एवढी टेबलं?"

त्याला हे सांगायचंच होतं. त्यानं तोंड उघडलं, "पट्टी" आलं, त्यानं रागानं मान झटकली, पुन्हा तोंड उघडलं. ती थांबून राहिली. "ए," तो म्हणाला. "ए... आय."

"एआय? ते फोनमध्ये बोलणारं?" शिवगंगेचा चेहरा अगदी गंभीर होता. "त्याला एवढी टेबलं कशाला? कुणाची लग्नसराई काढलीय त्यानं?"

राजशेखरला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, तिनं पाठ चोळली, पाणी दिलं, तरी तो हसतच होता. आणि मग तिलाही हसू आलं. तिनं चेष्टा म्हणून म्हटलंच नव्हतं, तिला खरंच तसं वाटलं होतं. पण आता तिलाही ते एआय गळ्यात टेप अडकवून, लातूरभरच्या नवरीमुलींचे ब्लाउज घेऊन बसलेलं दिसायला लागलं.

तेव्हापासून दुपारी मशीन बंद झालं की दोघांचं हे चालायचं. ती वाचायची, जिथं कळत नाही तिथं थांबून विचारायची, आणि तो शब्द, खुणा, घरातल्या वस्तू, जे हाताला लागेल त्यानं सांगायचा. तिची मतंही बनू लागली आणि ती त्याच्याशी जुळतीलच असं नव्हतं. घडी पडणारा फोन तिला आवडला. तो म्हणाला, "मोडतो." ती म्हणाली, "लुगड्याचीबी घडी मोडते. म्हणून काय लुगडं नेसायचं न्हाई?" यावर त्यानं हात जोडले. शब्द एकेक करून येऊ लागले. आले म्हणून राहिलेच असं नव्हे. काल आलेला आज दडून बसायचा, आणि राजशेखर उशीवर मूठ मारायचा. पण आता आरतीच्या वहीत गाय आणि केळं यांच्याऐवजी माउस, वायर आणि पंखा यांची चित्रं आली होती आणि ती हसत म्हणायची, "काका, मला पण शिकवताय तुम्ही."

'सोमवारचा डबा' मात्र त्या दिवसापासून गप्प होता. त्या शेवटच्या आवाजावर हसलेल्या लोकांना नंतर खरं काय ते कळलं होतं आणि कुणाची तोंड उघडायची हिंमत झाली नव्हती. एका रविवारी शिवगंगेनं नवऱ्याला विचारलं, "उद्या बोलता का दोन शब्द?" त्यानं जोरात नकाराची मान हलवली. त्याचे डोळे भरून आले. तिनं जास्ती ताणलं नाही. पण बातमी अशी होती की तिला स्वतःलाच राहवेना. जुन्या कॉम्प्युटरांना आता कंपनीकडून दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, मिळणार नाहीत, ते टाकून नवे घ्या असं लोकांना सांगणं चालू आहे, असं तिनं वाचलं होतं. सकाळी तिनं नवऱ्यासमोरच फोन तोंडाशी धरला.

"नमस्कार. मी शिवगंगा. शेखर अण्णांच्या घरून बोलून राहिले. अण्णांची तब्येत बरी हाय. मला त्यांच्यासारखं बोलता येत न्हाई. पण एक सांगते. चांगल्या चालत्या डब्याला म्हातारा म्हणून फेकून द्या म्हणायला लागलेत. माझं शिवणाचं मशीन माझ्या लग्नातलं हाय. तेल घालते, पट्टा बदलते, चालतं. त्यानं आजवर मला एकदाबी म्हटलं न्हाई की बाई, थांब, माझं अपडेट चालू हाय, मला बंद करू नको. बास. एवढंच."

तिनं बटण सोडलं. आधी काहीच झालं नाही. मग एकेक निरोप यायला लागला. नमस्कार, टाळ्या, हसणं. "वहिनी, पुढच्या सोमवारीबी पाहिजे." मुदखेडहून एका बाईनं लिहिलं की आमच्याकडचं मशीनही तसंच आहे. एकाचंच काही आलं नव्हतं. शिवगंगेनं मल्लेशला फोन लावला.

"भाऊजी, तुम्हाला माझं म्हणणं पटलं का?"

"न्हाई," मल्लेश म्हणाला. "अजिबात न्हाई. शिवणाच्या मशीनवर बँकेचे पासवर्ड असतात का वहिनी? जुन्या डब्यात चोर शिरतात."

"मग हे मला कामून सांगून राहिलात? तिकडं सांगा की."

मग तो म्हणाला, "शेखर ऐकेल."

"ऐकू द्या. तुम्ही गप्प बसलात तेच त्यांना जास्ती लागलंय."

थोड्या वेळानं मल्लेशचा आवाज ग्रुपवर आला. सुरुवातीला तो जपून बोलला, पण बोलता बोलता त्याला जुनी चाल सापडली. "वहिनी, तुम्हाला मान देऊन सांगतो, हे चुकीचं हाय. जुनं म्हणजे जुनं. त्यात जीव अडकवू नये. जे जुनं झालं ते बदलावं, मग ते काहीबी असो. शेखर जन्मभर हेच चुकत आला अन् आता तुम्हालाबी त्यानं शिकवलं."

राजशेखर पलंगावर सरळ बसला. त्यानं हात पुढं केला. शिवगंगेला आधी कळलं नाही. "फोन," तो म्हणाला, स्पष्ट. तिनं दिला. डाव्या अंगठ्यानं त्यानं बटण दाबलं आणि धरून ठेवलं. आणि बोलेना. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. ती पुढं होऊन बोलणार होती, पण त्यानं नजरेनंच तिला थोपवलं.

"मल्लेश," तो अखेर म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. "तुझं... टक्कल... जुनं." पुन्हा श्वास. "बदल."

आणि अंगठा सोडला.

दुकानांच्या गल्लीत त्यानंतर काय झालं ते चहावाल्यानं पुढं कितीतरी जणांना सांगितलं. मल्लेश एका गिऱ्हाइकाला लॅपटॉप दाखवत होता. त्यानं फोन कानाशी धरला, ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं लावला. गिऱ्हाईक हसलं, चहावाला हसला, आणि मल्लेश काउंटरवर डोकं ठेवून रडायला लागला. मग भरदुपारी, धंद्याच्या वेळेला, त्यानं शटर खाली ओढलं आणि स्कूटर काढली.

तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा हात टकलावर होता. "कुठं मिळेल नवं?" त्यानं विचारलं.

राजशेखरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्या... मॉडेलचा," तो म्हणाला, "माल... बंद."

शिवगंगा स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. बाहेर मल्लेशचा आवाज चढत होता आणि मधूनमधून, लांब लांब फटी सोडून, राजशेखरचा एखादा शब्द येत होता. तो शब्द यायचा आणि मल्लेश आणखी चढायचा. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

राजशेखर पहिल्यासारखा बोलू लागला असं मात्र झालं नाही. आरतीनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की होईल तेवढं होईल. उन्हाळा लागला तसा तो सकाळी दोन-तीन तास दुकानात बसू लागला. स्क्रू डाव्या हातानं काढायचा. सोल्डरिंगचे बारीक टाके मारायचं काम मल्लेशच्या दुकानातला कारागीर येऊन करून जायचा, आणि मल्लेश त्यावरही बडबडायचा की माझा माणूस अजायबघरात राबतोय. एखाद्या दिवशी शब्द अजिबात यायचे नाहीत. अशा दिवशी गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून बसावं लागायचं आणि घरी येऊन तो कुणाशी बोलायचा नाही. शिवगंगाही अशा दिवशी बातम्या काढायची नाही. दोघं नुसती बसायची, ती शिवायची, तो बघायचा. सोमवारी मात्र दोघं मिळून बोलायची. बातमी ती सांगायची, आपलं मत द्यायची, आणि शेवटी फोन त्याच्याकडे जायचा. लोक आता त्या शेवटच्या दोन-चार शब्दांची वाट बघायचे. मधली शांतता लांबली तरी कुणी ती पुढं ढकलून ऐकत नसे, असं निलंग्याहून संगमेश्वर सांगायचा.

जूनमध्ये एकदा शिवगंगा भाजीच्या रयतू बाजारात मेथी निवडत होती. शेजारच्या बाईनं तिचा आवाज ऐकला आणि वळून बघितलं. "तुम्ही सोमवारच्या डब्याच्या का?"

शिवगंगा लाजली. "हाव."

"देवच भेटला बघा. माझी पोरगी बारावी झाली. लॅपटॉप पाहिजे म्हणते. तिचे पप्पा म्हणतात भारीतला घेऊ, दीर म्हणतो भाव उतरू दे, भाऊ म्हणतो जुना घे. माझं डोकं उठलंय. काय करू?"

शिवगंगेनं मेथीची जुडी खाली ठेवली. तिच्या मनात एक उत्तर तयार होतं, बऱ्यापैकी लांबलचक. टेबल, कपाट, सगळं त्यात होतं. पण मग तिला वाटलं, हे त्यांना विचारावं. तिनं फोन लावला, प्रश्न सांगितला आणि फोन मोठ्यावर करून दोघींच्या मधे धरला.

पलीकडून काहीच येईना. दुकानातला पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला. "लाईन गेली काय?" ती बाई हळूच म्हणाली. शिवगंगेनं मानेनंच न्हाई म्हटलं. भाजीवाली मापं करायची थांबून बघू लागली. मागून कुणी तरी पुढं सरका म्हणालं. शिवगंगा हलली नाही.

"पोरीला," राजशेखर म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "विचारा."

बाईनं कपाळावर हात मारून घेतला. "तिलाच तर विचारलं न्हाई कुणी," ती म्हणाली, आणि मागं वळून कोथिंबिरीच्या ढिगाशी उभ्या असलेल्या मुलीला हाक मारली, "वर्षाराणी! इकडं ये गं जरा."